गिनीपिग देण्याआधी पिंजऱ्याचा फोटो मागवा

सोडवून आणलेल्या गिनीपिगसाठी ‘आम्ही नेतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण सांभाळणारं घर कोणतं हे फोनवर कळत नाही. ‘नीट बघाल ना?’ हा प्रश्न तर विचारूच नका, त्याला सगळे हो म्हणतात.

१. आधी मांडून तयार असलेल्या पिंजऱ्याचा फोटो मागवा. खाली जाळी नको, सपाट तळ हवा; ऐसपैस जागा, लपायला आडोसा आणि सुकं गवत दिसलं पाहिजे. निम्मे लोक इथेच गप्प होतात, बरंच आहे.

२. मग एकच विचारा: ‘रोज काय घालाल खायला?’ उत्तरात सुकं गवत पहिलं यायला हवं. पाठोपाठ ढोबळी मिरचीसारखं काही आलं तर उत्तम. या प्राण्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. नुसतं ‘गाजर’ म्हणणाऱ्याला आधी समजावून सांगा, मग ठरवा.

३. नर की मादी, हे पशुवैद्याकडून पक्कं करून घ्या. मादी नरासोबत राहिलेली असेल तर वेगळी केल्यापासून निदान ७२ दिवस स्वतःकडेच ठेवा. गाभण असली तर तेवढ्यात कळतं.

४. देताना पिंजऱ्यातलं थोडं वापरलेलं गवत आणि सवयीचं खाणं बरोबर द्या. ओळखीच्या वासाने जनावर लवकर रुळतं.

नव्या घरी बुजून ते कोपऱ्यात बसेल, ते चालतं. पण बारा तास तोंडात काही घेतलं नाही तर वाट न बघता डॉक्टरकडे न्यायचं, हे घेणाऱ्याला लिहूनच द्या.