विंडोज ड्रायव्हरमधला 'डी१' क्रॅश कसा सुटला

ड्रायव्हर कधी दोन दिवस सुरळीत चालायचा, तर कधी दहा मिनिटांत निळी स्क्रीन: बगचेक (विंडोजचा क्रॅश-कोड) डी१. विनडीबीजी या डीबगरमध्ये डम्प (क्रॅशवेळच्या मेमरीची नोंद) उघडून '!अ‍ॅनलाइझ -व्ही' दिलं. बगचेकचा दुसरा पॅरामीटर २, म्हणजे आयआरक्यूएल (प्रोसेसरची अग्रक्रम-पातळी) डिस्पॅच लेव्हलला. तिसरा ०, म्हणजे क्रॅश मेमरी वाचताना. चौथ्यातला पत्ता थेट यादी चाळणाऱ्या लूपवर.

स्पिनलॉक (एका वेळी एकालाच डेटा हाताळू देणारं कुलूप) घेतला की आयआरक्यूएल २ वर जाते. तिथे थ्रेडला थांबता येत नाही, म्हणून डिस्कवर गेलेलं मेमरीचं पान परत आणता येत नाही. यादीचे नोड पेज्ड पूलमधून, म्हणजे डिस्कवर जाऊ शकणाऱ्या मेमरीतून घेतलेले होते. पान रॅममध्ये असेल तोवर सगळं ठीक, म्हणूनच हा दोष इतका लपतो.

तो पकडायला व्हेरिफायर हे विंडोजचं ड्रायव्हर तपासायचं साधन वापरा: व्हर्च्युअल मशीनवरच 'व्हेरिफायर /स्टँडर्ड /ड्रायव्हर' आणि पुढे फाइलचं नाव द्या, रीबूट करा. आयआरक्यूएल वाढली की व्हेरिफायर पेज होणारी मेमरी बाहेर काढतो, मग क्रॅश लगेच येतो.

उपाय म्हणून नोड नॉन-पेज्ड पूलमधून, म्हणजे कायम रॅममध्येच राहणाऱ्या मेमरीतून घेतले. पण तेवढ्यावर थांबू नका! लॉकच्या आत बोलावलेलं एखादं फंक्शन 'पेज' सेक्शनमध्ये (कोडच्या डिस्कवर जाऊ शकणाऱ्या भागात) असेल, तर निळी स्क्रीन पुन्हा येईल. काम झाल्यावर 'व्हेरिफायर /रीसेट'.