काठोकाठ विहीर आणि रब्बीचे क्षेत्र: लागवडीआधी करायचा हिशोब

परतीच्या पावसाने विहीर काठोकाठ भरली की गहू-कांद्याचे क्षेत्र वाढवावेसे वाटते. घाई करू नका. 6 मीटर व्यासाच्या विहिरीत 9 मीटर पाणी असेल, तर तो साठा सुमारे अडीच लाख लिटर होतो. एकरभर रानाला 50 मिमीची एक पाळी (एका वेळचे पाणी) द्यायला 2 लाख लिटर लागतात. म्हणजे भरलेली विहीर ही एकराची जेमतेम सव्वा पाळी. बाकीचे सगळे झऱ्यांच्या आवकेवर.

सोलापूर, बीड, अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यात खाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. त्याच्या मुरमात आणि भेगांत आकारमानाच्या साधारण 1 ते 3 टक्केच पाणी सुटे असते. 2 टक्के धरले, तर एक हेक्टरखालची पातळी मीटरभर उतरल्यावर हाती येते 2 लाख लिटर. म्हणूनच इथल्या विहिरी लवकर भरतात आणि तितक्याच लवकर आटतात. शिवाय आता पावसात मोठे खंड पडतात आणि मग दोन-तीन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळतो. असे पाणी मुरण्याआधीच ओढ्याने निघून जाते. पावसाची बेरीज सरासरीइतकी दिसते, मुरलेले पाणी मात्र कमी असते. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाच्या आकड्यावर पीक ठरवू नका, विहिरीवर ठरवा.

आवक अशी मोजा. सकाळी मीटरच्या खुणा केलेल्या दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्या. पातळी 2-3 मीटर उतरेपर्यंत उपसा करा, पंप बंद करून लगेच अंतर लिहा आणि 12 तासांनी पुन्हा मोजा. मधल्या वेळात शेजारचा बोअर चालू असेल तर मोजणी फसते, त्यांना सांगून ठेवा. 6 मीटर व्यासाला दर मीटर चढाव म्हणजे 28 हजार लिटर. 12 तासांत मीटरभर चढली, तर दिवसाला 56 हजार, म्हणजे एकराच्या एका पाळीला साडेतीन दिवस. चार एकर गव्हाला 14 दिवस लागतील; सध्या जमेल. जानेवारीत आवक निम्मी झाली की तीच पाळी 28 दिवसांवर जाईल, आणि गहू नेमका दाणा भरताना वाळेल. म्हणून क्षेत्र आजच्या आवकेच्या निम्म्यावर ठरवा. गेल्या वर्षीची जानेवारीची नोंद असेल तर तीच धरा.

भारी काळ्या रानात ओल टिकून असेल, तर हरभऱ्याला दोनच पाळ्या पुरतात: फुलोऱ्याच्या तोंडावर आणि घाटे भरताना. रब्बी कांद्याला दहा-बारा पाळ्या लागतात. एकरभर कांद्याच्या तेवढ्या पाण्यात पाच-सहा एकर हरभरा निघतो. गव्हाला दोनच पाणी शक्य असेल, तर पेरणीनंतर 20-22 आणि 60-65 दिवसांनी द्या. एकच असेल तर 40-42 दिवसांनी.

ठिबकने पाणी वाचते, हे खरे. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर वाढवला की उपसा तेवढाच राहतो, वर जमिनीत परत मुरणारे पाणीही घटते. विहिरीचे पाणी उपसून प्लास्टिक अस्तराचे शेततळे भरणे तर त्याहून तोट्याचे. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या तळ्यात साधारण 20 लाख लिटर मावतात. उन्हाळ्यात रोज 8 मिमी बाष्पीभवन धरले, तर काठोकाठ तळ्यातून दिवसाला 7 हजार लिटर उडतात, शंभर दिवसांत 7 लाख. तळे ओढ्याच्या वाहत्या पाण्याने भरा. विहिरीतले पाणी भूगर्भातच राहू द्या.

ओढा वाहतो आहे तोवरच वनराई बंधारा, म्हणजे पोत्यांचा तात्पुरता बांध घाला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू तीन-चतुर्थांश भरा, तोंडे शिवा आणि विटांसारखी सांधेमोड रचा. दोन्ही टोके काठात नीट घुसवा, नाहीतर पाणी कडेने वाट काढते आणि काठच कापून नेते. पोत्यांच्या दोन ओळींमध्ये चिकणमाती पायाने दाबून भरा. ओढा आटल्यावर बांधलेला बंधारा नुसता उभा राहतो.