मुदत उलटलेल्या कामांची संपूर्ण ओळ आपोआप रंगवणे

एक्सेल आणि गुगल शीट्समधील कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणजे ठरावीक अट पूर्ण झाल्यास सेलला आपोआप रंग किंवा रूप देण्याची सोय. तिच्यातील 'अमुक संख्येपेक्षा मोठे' यांसारखे तयार नियम फक्त त्या सेलपुरतेच पाहतात. एका सेलमधील नोंदीवरून संपूर्ण ओळ रंगवायची असेल, तर सूत्रावर आधारित नियमच लिहावा लागतो.

समजा, ए स्तंभात काम, बीमध्ये जबाबदार व्यक्ती, सीमध्ये मुदत आणि डीमध्ये स्थिती आहे. पहिली ओळ शीर्षकांची आहे. ए2 पासून डी200 पर्यंतचा भाग वरून खाली ओढत निवडावा. एक्सेलमध्ये 'होम' टॅबवरील 'कंडिशनल फॉरमॅटिंग'मधून 'न्यू रूल' उघडून सूत्राचा पर्याय घ्यावा. गुगल शीट्समध्ये तो 'फॉरमॅट' मेनूतील 'कंडिशनल फॉरमॅटिंग'मध्ये 'कस्टम फॉर्म्युला इज' या नावाने सापडतो. तेथे पुढील सूत्र टाइप करून रंग निवडावा (स्तंभांची व फंक्शनांची नावे अर्थातच रोमन लिपीत):

=अँड($सी2<>"",$सी2<टुडे(),$डी2<>"पूर्ण")

यातील डॉलरचे चिन्ह सर्वांत महत्त्वाचे आहे. ते अक्षराआधी असल्यामुळे ओळीतील चारही सेल मुदत सी स्तंभातच तपासतात. 2 या अंकाआधी ते नसल्यामुळे तिसऱ्या ओळीसाठी सी3, चौथ्या ओळीसाठी सी4 असा संदर्भ आपोआप सरकतो. डॉलर गाळल्यास बी स्तंभातील सेल डीकडे पाहू लागतो आणि ठिगळे लावल्यासारखे रंग उमटतात. एक्सेल हे सूत्र सक्रिय सेलच्या (निवड जिथून सुरू केली त्या सेलच्या) दृष्टीने वाचते, म्हणून खालून वर निवड केल्यास अचूक सूत्रही भलत्याच ओळी रंगवते.

पहिली अट (मुदतीचा सेल रिकामा नसावा) अनावश्यक वाटेल, पण रिकामा सेल तुलनेत शून्य मानला जातो आणि शून्य आजच्या तारखेपेक्षा लहानच असल्याने, ती नसेल तर खालच्या सगळ्या कोऱ्या ओळी लाल होतात. याउलट मुदत उलटूनही एखादी ओळ रंगत नसेल, तर तिची तारीख मजकूर म्हणून साठवली गेली असण्याची शक्यता मोठी. एक्सेलमध्ये मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठाच ठरतो.

नियम अनेक असतील, तर एक्सेलमध्ये 'मॅनेज रूल्स'मधील त्यांचा क्रम पाहावा. दोन नियमांचे रंग परस्परविरोधी असल्यास वरचा नियम लागू होतो. मात्र एक रंग आणि दुसरा ठळक अक्षरे देत असेल, तर दोन्ही लागू होतात. सेल कॉपी-पेस्ट करत राहिल्यास याच यादीत एका नियमाचे अनेक तुकडे साचतात, त्यामुळे नव्या नोंदींसाठी शक्यतो 'पेस्ट व्हॅल्यूज' (फॉरमॅटिंगशिवाय फक्त मूल्ये चिकटवणे) वापरावे.