ओव्हनची जाळी कुठल्या खाचेत?
माझा पहिला केक वरून कोळसा, आतून कच्चा. मैद्याला शिव्या घातल्या, पण चूक जाळीची होती. मी ती सगळ्यात वर लावली होती.

जाळी ओव्हन थंड असतानाच हलवा. (मनगटावरचा डाग अजून गेलेला नाही.) केकसाठी जाळी नव्हे, केकचा टिन मधोमध यायला हवा, म्हणून टिन उंच असेल तर जाळी एक खाच खाली. पिझ्झा खालच्या खाचेत, म्हणजे बूड कडक होतं. चीज खरपूस करायचं तर अगदी वर, आणि ओव्हनसमोरून हलायचं नाही!

कुकीजचे दोन ट्रे असतील तर निम्म्या वेळाने वरचा खाली, खालचा वर, शिवाय मागची बाजू पुढे. ओव्हनमध्ये हवा फिरवणारा पंखा असला तरी मी ट्रे फिरवतेच. जाळीभर फॉइल मात्र अंथरू नका, गरम हवा अडते.