राज्यकर निरीक्षकपदाला पहिली पसंती देण्यापूर्वी

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेत पसंतीक्रम भरण्याची वेळ आली की अभ्यासिकांमध्ये ‘एसटीआय’ची, म्हणजे राज्यकर निरीक्षकपदाची, चर्चा रंगते, परंतु ती बहुधा वेतन आणि प्रतिष्ठा यांपुढे जात नाही. वेतनावरून हा निर्णय होऊच शकत नाही, कारण याच परीक्षेतल्या सहायक कक्ष अधिकारी आणि पोलीस उपनिरीक्षक या पदांचीही मूळ वेतनश्रेणी तीच, म्हणजे ३८,६०० ते १,२२,८०० रुपये आहे. म्हणून सर्वप्रथम कामाचे स्वरूप समजून घ्यावे.

वस्तू व सेवा कराच्या नोंदणीसाठी अर्ज करणारा व्यापारी त्या पत्त्यावर खरोखर व्यवसाय करतो का, हे स्थळभेटीने पाहणे, विवरणपत्रे तपासणे, नोटिसांचे मसुदे करणे, थकबाकीच्या वसुलीला साहाय्य करणे आणि प्रसंगी अन्वेषण पथकासोबत जाणे, असे हे काम आहे. बराचसा दिवस संगणकासमोर आकडे जुळवण्यात जातो. ज्याला हिशेबाच्या वहीतली विसंगती शोधताना वेळेचे भान राहत नाही, त्याने हे पद निःशंकपणे वर ठेवावे. एखाद्या कारखान्याचा कच्चा माल कोठून येतो, मालाची हालचाल न होता केवळ बिले फिरवून इन्पुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कसे लाटले जाते, हे येथे प्रत्यक्ष कागदांवरून शिकता येते आणि माझ्या मते हाच या नोकरीचा सर्वांत मोठा लाभ आहे. शिवाय पदोन्नतीने राजपत्रित झालेल्या व पुरेशी सेवा केलेल्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर ठरावीक काळाने करदात्यांचा प्रतिनिधी म्हणून काम करण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे.

ताण मात्र मुदतींचा असतो. २०२३-२४ पर्यंतच्या वर्षांसाठी वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ७३ खालील, म्हणजे फसवणूक नसताना कमी भरलेल्या कराच्या मागणीचा, आदेश वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून तीन वर्षांत आणि फसवणुकीच्या प्रकरणांत, म्हणजे कलम ७४ खाली, पाच वर्षांत काढावा लागतो; ती तारीख उलटली की शासनाचा महसूल बुडू शकतो. त्यामुळे मुदत संपत आली की, तसेच मार्चअखेरीस, सुट्टी गृहीत धरू नये. कायदा व अधिसूचनाही सतत बदलतात. निवड झाली म्हणजे अभ्यास संपला, असे मानणाऱ्याला हे जड जाईल.

प्रलोभनाचा विचार तर नेमणुकीपूर्वीच करावा. समोरच्या माणसाचे लाखो रुपये आपल्या अहवालावर अवलंबून असतात, आणि ‘चहापाण्या’ची पहिली भाषा अगदी सौम्य असते. त्या वेळी काय उत्तर द्यायचे, हे घरच्यांशीही आधीच बोलून ठेवावे, कारण पुष्कळदा अपेक्षांचा दाब घरातूनच येतो.

नेमणुकीच्या ठिकाणाबाबत सांगायचे तर बदल्यांच्या २००५च्या अधिनियमानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे. मुंबईत नेमणूक झाल्यास घरभाडे, प्रवास आणि गावी पाठवायची रक्कम यांचा हिशेब एका कागदावर मांडावा. त्यानंतर नोकरीत चार-पाच वर्षे झालेल्या एखाद्या निरीक्षकाला भेटून गेल्या आठवड्यात त्याने नेमके काय काम केले, एवढेच दिवसवार विचारावे आणि ते ऐकल्यावरच पसंतीक्रम भरावा.