नऊ क्लब आणि एक डावी विंग – प्रो फुटबॉलमध्ये येणाऱ्या पोरांसाठी

लग्न जमत होतं तेव्हा मुलीच्या मामांनी चहाचा कप खाली ठेवून सरळ विचारलं होतं, "पाव्हणं, एका जागी टिकत का न्हाई ओ तुम्ही?" तेव्हा माझे सहा क्लब झालेले. पुढं नऊ झाले, तेरा वर्षांत. मामांना तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, आता देतो. नऊपैकी दोनच क्लब मी स्वतःहून सोडले. दोन बंद पडले, तिघांनी करार वाढवला नाही, एका ठिकाणी लोनवर, म्हणजे उसना दिलेला होतो, ते संपलं आणि शेवटच्या क्लबातून रिटायर झालो. म्हणजे चंचल बिंचल काही नव्हतो, आपल्याकडं विंगरची, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणाऱ्या अटॅकरची, नोकरीच अशी आहे. इन्स्टावर रोज कोणीतरी पोरगं मेसेज करतं की भाई ट्रायल कुठं द्यायची, एजंट घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

मी कोल्हापूरचा. म्हणजे तालीम (आमच्याकडं फुटबॉलच्या टीम तालमींच्याच असतात), पेठ, शाहू स्टेडियम, हे सगळं आईच्या दुधातून आलेलं. लहानखुरा होतो पण पळायचो बेफाम, म्हणून मोठ्या पोरांनी मला डावीकडं उभं केलं, उजवीकडची जागा कुणाच्या तरी भावाची होती, एवढंच कारण. डावा पाय नंतर घडवला, भिंतीवर बॉल मारून मारून. शेजारच्या काकूंनी भिंतीचे पोपडे उडाले म्हणून किती शिव्या दिल्या त्याला गणतीच नाही.

पहिला मुद्दा, विंगच का. भारतात प्रो लेव्हलला मधल्या जागा बऱ्याचदा परदेशी खेळाडू घेऊन जातात. स्ट्रायकर (सगळ्यात पुढं, गोल मारणारा), दहा नंबर (त्याच्या मागून खेळ रचणारा), सेंटर बॅक (मधला डिफेंडर), क्लब पैसा तिथं ओततो. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, आपली सगळ्यात वरची लीग) 2021-22 पासून मैदानात एका वेळी परदेशी पाचऐवजी चारच ठेवायचे असा नियम आला त्यामुळं थोडं बरं झालं, पण सवय तीच. मग भारतीय पोरांना उरतं काय, तर कडा. विंग आणि फुलबॅक (कडेचा डिफेंडर). खुद्द सुनील छेत्रीसुद्धा बेंगळुरूकडून मिकू हा परदेशी स्ट्रायकर पुढं असताना डावीकडून खेळलाय, मग आपण कोण. त्यामुळं "मी नंबर नाइनच, म्हणजे स्ट्रायकरच, खेळणार" म्हणून ट्रायलला हट्ट करू नका, विचारतील तर कडेला दोन्हीकडं खेळतो म्हणून सांगा, आणि खरंच दोन्हीकडं खेळता यायला पाहिजे हेही बघा नाहीतर दहा मिनिटांत उघडं पडतं.

दुसरं म्हणजे क्लब मरतात. हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मी सतरा-अठराचा असताना 2010 ला महिंद्रा युनायटेड बंद झाली, नॅशनल लीग जिंकलेली टीम! पुढच्याच वर्षी पंजाबची जेसीटी. पुण्याचं तर विचारूच नका, पुणे एफसी गेली, भारत एफसी एकच सीझन खेळून गेली, डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये (ही देशातली दुसरी प्रो लीग) दोन सीझन खेळून गायब, एफसी पुणे सिटी 2019 ला संपली आणि त्या जागी हैदराबाद एफसी उभी राहिली. गोव्यात 2016 ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघंही आय-लीगमधून बाहेर पडले (धेंपो परत आली, पण मधली सात-आठ वर्षं ज्या पोरांची होती त्यांची गेलीच की). आणि 2025 ला तर आयएसएलच वेळेवर सुरू झाली नाही. तेव्हा मी रिटायर झालेलो, पण ज्युनिअर पोरांचे फोन यायचे, भाई प्री-सीझन कधी, आणि माझ्याकडं काय उत्तर असणार.

माझा पहिला क्लब बंद पडला तेव्हा आम्हाला ते पेपरातून कळलं, मॅनेजर आदल्या दिवशी प्रॅक्टिसला आला होता, बॉल मोजून घेऊन गेला, आम्हाला वाटलं नवीन बॉल येणार.

म्हणून करार. करारावर जरा जास्त लिहितो कारण मी इथंच सगळ्यात जास्त मार खाल्ला. आपल्याकडचे करार बहुतेक 31 मे ला संपतात. माझा पहिला करार 10 महिन्यांचा होता आणि मला तो 12 चाच वाटत होता, कारण मी आकडा बघितला, तारखा बघितल्याच नाहीत. दोन महिने घरी बसलो, वडिलांच्या पेन्शनवर, वर परत रोज सकाळी अंडी खायची कारण फिटनेस ठेवायचाय. आईनं कधी काही म्हटलं नाही, पण अंड्यांचा ट्रे आणताना मला बघून गप्प बसायची ते लक्षात आहे. तेव्हा पहिल्यांदा तारखा वाचा. मग बोनस कशावर आहे ते वाचा, कारण विंगरसाठी हे फार महत्त्वाचंय. "स्टार्ट" वर (पहिल्या अकरात असलात तरच) पैसे आहेत की "अपिअरन्स" वर (बेंचवरून उतरलात तरी)? मॅचची साठ मिनिटं झाली की चौथा रेफ्री पाटी वर करतो आणि त्यावर हमखास विंगरचाच नंबर असतो, एकतर बाहेर जाणाऱ्याचा नाहीतर आत येणाऱ्याचा. 2020 पासून पाच बदली खेळाडू चालू झाले, आधी तीन होते, त्यामुळं आत येऊन 25-30 मिनिटं खेळणारे विंगर वाढलेत. माझ्या शेवटच्या तीन वर्षांत निम्म्याहून जास्त मॅचेस मी बेंचवरून उतरलो. करारात "स्टार्ट" लिहिलेलं असतं तर बोनसच्या नावानं भोपळा.

पगार थकला तर काय? थकतो कधीकधी, खोटं कशाला बोलू. एका क्लबात आमचे तीन महिने थकले होते आणि ड्रेसिंग रूममध्ये सगळे एकमेकांकडं बघायचे, कोण बोलणार. फिफाचा नियम असा आहे की दोन महिन्यांचा पगार थकला आणि तुम्ही लेखी नोटीस देऊन किमान 15 दिवसांची मुदत दिली, तरीही पैसे आले नाहीत तर योग्य कारण म्हणून करार मोडता येतो. लेखी म्हणजे लेखी. व्हॉट्सअ‍ॅपवर "सर सॅलरी?" असं विचारून हात जोडलेला इमोजी टाकणं म्हणजे नोटीस नव्हे, मी तसंच करत बसलो होतो. ईमेल करा, तारीख टाका, सही केलेल्या कराराची स्वतःची कॉपी घरी ठेवा. प्लेयर्स असोसिएशन आहे, फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया, 2006 पासून, तिथं आधीच मेंबर व्हा, घर पेटल्यावर विहीर खणायला जाऊ नका. टीडीएस कापतात तो खरंच भरलाय का ते इन्कम टॅक्सच्या 26एएस मध्ये बघत जा. पीएफ माझ्या एकाही क्लबात नव्हता, म्हणजे बचत आपली आपणच.

रजिस्ट्रेशनचंही ऐका. फेडरेशनच्या ऑनलाइन सिस्टीममध्ये, सीआरएस म्हणतात, तुमचं नाव ज्या क्लबकडं आहे त्यांनी सोडल्याशिवाय पुढं हलत नाही, ट्रान्सफर विंडो तर ठरलेल्याच तारखांना उघडते. आणि एका सीझनमध्ये जास्तीत जास्त तीन क्लबांकडं रजिस्टर होता येतं, त्यातल्या दोघांकडूनच ऑफिशियल मॅच खेळता येते. डिसेंबरात चिडून लोनवर जाताना हे डोक्यात ठेवा, मी ठेवलं नव्हतं. नवा कोच बेंचवरसुद्धा घेईना तेव्हा आधीच दुसरा क्लब झालेला, तिसरीकडं खेळायची वाटच बंद, जानेवारी ते मे नुसते प्लास्टिकचे कोन मांडून एकट्यानं प्रॅक्टिस.

आता कोल्हापूरच्या पोरांसाठी खास. डिसेंबर-जानेवारीत आपला सीझन रंगात येतो आणि तालमीचा फोन येतो, "फायनल हाय, एक मॅच, सकाळी येऊन रात्री जा." प्रो करारावर सही केली असेल तर क्लबच्या परवानगीशिवाय अशी मॅच खेळायची नसते, गुडघा गेला तर विमाही नाही आणि करारही नाही. मी नाही म्हटलं तेव्हा पेठेत दोन वर्षं "लई मोठा झाला" ऐकलं, गणपतीत आरतीला उभा राहिलो तरी शेजारचा सरकून उभा राहायचा. वाईट वाटलंच. पण ज्या मित्रानं हो म्हटलं त्याचं लिगामेंट शाहू स्टेडियमवरच गेलं, तो आज मोबाइलचं दुकान चालवतो. चांगलं चालतं दुकान, पण तो माझ्यापेक्षा भारी विंगर होता हे मी कुणासमोरही सांगेन.

शरीराचं बोलायचं तर विंगरची मांडी मागून फाटते. हॅमस्ट्रिंग. आमचं कामच फुल स्पीड, अचानक ब्रेक, परत फुल स्पीड. माझी पहिल्यांदा चोविसाव्या वर्षी गेली, तीन आठवडे सांगितले होते, मी बाराव्या दिवशी उतरलो कारण करार संपायला आला होता आणि दिसायला पाहिजे होतं. परत गेली, तीच जागा, मग तीन महिने. नॉर्डिक कर्ल नावाचा कंटाळवाणा व्यायाम आहे, गुडघ्यावर बसायचं, कोणीतरी घोटे धरायचे आणि हळूहळू पुढं पडायचं. आठवड्यातून दोनदा करा. घोटे धरायला कोणी नसेल तर पलंगाखाली पाय अडकवा, मी लॉजच्या खोल्यांमध्ये तेच करायचो.

बाहेरगावचं थोडक्यात. ईशान्येला गेलो तेव्हा मिझोरमसाठी इनर लाइन परमिट काढावं लागतं हेच माहीत नव्हतं. भाषा कळत नाही, तिखट मिळतं पण आपलं नाही, आईनं दिलेली कांदालसणाची चटणी मी चिमूट चिमूट पुरवून पुरवून खाल्ली. पण तिथली पोरं पळतात ना, बाप रे! माझा सगळा रुबाब पहिल्या पंधरा मिनिटांत उतरला. गोव्यात बरं होतं, कोकणी कळते, मासे मिळतात, आणि तिथं म्हातारीसुद्धा "क्रॉस लवकर घाल रे" म्हणून सांगते.

आणि तिशीच्या आधी दुसरी जागा शिका. वेग कमी होणारच. म्हापशाचा मंदार राव देसाई बघा, धेंपोतून वर आलेला डावा विंगर, एफसी गोव्यात त्याला मागं आणून लेफ्ट बॅक केलं. विंगर म्हणून राहिला असता तर काय झालं असतं कोण जाणे, लेफ्ट बॅक म्हणून गोव्याकडून 2019-20 ची लीग शील्ड (लीगमध्ये पहिला नंबर आला की मिळते, कप त्यानंतरच्या फायनलचा) आणि पुढच्याच सीझनला मुंबई सिटीकडून शील्ड आणि कप दोन्ही त्याच्या नावावर आहेत. मला कोचनं 27 व्या वर्षी हेच सुचवलं होतं तेव्हा मला अपमान वाटला, मी काय डिफेंडर आहे का वगैरे. दोन वर्षांनी स्वतःहून विचारलं, तोवर त्या जागी 21 वर्षांचा पोरगा आलेला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 चा अंडर-17 वर्ल्ड कप खेळला, नंतर इंडियन अ‍ॅरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा. म्हणजे एवढ्या वरच्या पोरालाही बॅग भरावीच लागते, तुम्हाला लागली तर रडू नका.

सर्टिफिकेटं सांभाळा. संतोष ट्रॉफी खेळलात तर ते प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका, फाईलला ठेवा, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि पडताळणीला मूळ कागद मागतात. माझा लहान भाऊ ज्युनिअर नॅशनल खेळला, ते प्रमाणपत्र 2019 च्या पुरात घरातच गेलं. डुप्लिकेट काढायला त्यानं किती फेऱ्या मारल्या ते त्यालाच विचारा.

मी आता तालमीच्या 14 वर्षांखालच्या पोरांना शिकवतो, कोचिंगचं डी लायसन्स झालंय, त्याच्या वरच्या सी साठी पैसे साठवतोय. मागच्या आठवड्यात एका जुन्या पोराचा बाप करार घेऊन घरी आला, पोरगं डावीकडंच खेळतं, पायात आग आहे नुसती. आकडा चांगला होता, बाप खुशीत. मी शेवटचं पान उघडलं. ऑगस्ट ते मे. म्हटलं क्लबला विचारा जून-जुलैचं काय, आणि बोनस स्टार्टवर आहे तो अपिअरन्सवर करता का. विचारतो म्हणाले. अजून क्लबचं उत्तर आलेलं नाही, पोरगं रोज संध्याकाळी मला येऊन विचारतं, सर सही करू का.