कादंबरीचं बीज जुन्या खटल्यात कसं शोधावं: बडोद्याच्या वाचकांसाठी

ऐतिहासिक कादंबरी किंवा रहस्यकथा लिहायची ठरवली की बहुतेक जण आधी नायक निवडतात. कुणी सयाजीराव घेतं, कुणी खंडेराव. मग चरित्रं वाचून होतात, वह्या भरतात आणि पहिलं प्रकरण मात्र सुरू होत नाही. कारण उघड आहे. चरित्रकाराने सगळं आधीच नीट जुळवून ठेवलेलं असतं, कादंबरीकाराला आत शिरायला फटच उरत नाही. कादंबरी सुचते ती दोन माणसांच्या सांगण्यात मेळ बसत नाही तिथे, असं माझं ठाम मत आहे. ती जागा शोधायची पद्धत शिकता येते, आणि बडोद्यात राहणाऱ्याला तर गाव सोडायचीही गरज नाही. उदाहरणासाठी आपल्याच गावातला, बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचा खटला घेऊ.

१. जबान्या उपलब्ध असलेली घटना निवडा

लढाई, राज्यारोहण, तह यांची वर्णनं खूप मिळतात, पण ती वरून पाहिलेली असतात. खटल्यात स्वयंपाकी, हवालदार, आया, सराफ, कारकून अशी माणसं बोलतात. कोण किती वाजता कुठे उभं होतं हे त्यांना शपथेवर सांगावं लागतं. कादंबरीकाराला याहून मोठं देणं नाही.

घटना थोडक्यात अशी. ९ नोव्हेंबर १८७४, सोमवार. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल रॉबर्ट फेअर सकाळी फेरफटका मारून रेसिडेन्सीत परतले. टेबलावर नेहमीप्रमाणे पपनसाच्या रसाचं सरबत ठेवलेलं होतं. दोन-चार घोट घेतल्यावर मळमळू लागलं म्हणून त्यांनी उरलेलं फेकून दिलं, आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड असल्याचं सांगण्यात आलं. संशय थेट महाराजांवर गेला. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासाला आले, जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा जणांच्या कमिशनपुढे चौकशी चालली. महाराजांची बाजू मांडायला लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले होते.

कमिशनचं कामकाज त्या काळीच छापलं गेलं. जुन्या इंग्रजी सरकारी कागदपत्रांत आणि डिजिटल संग्रहांत शोधलं तर ते वाचायला मिळतं. जोडीला १८८३ चं मुंबई गॅझेटियरचं बडोद्यावरचं सातवं पुस्तक घ्या. त्यात गाव, बाजार, पिकं, नाणी, वजनं यांची माहिती आहे.

२. निकाल विसरून वाचा

पहिल्या वाचनात दोषी कोण हे ठरवू नका. एका मोठ्या कागदावर उभे रकाने पाडा: वेळ, जागा, माणूस, हातातली वस्तू. पपनस कुणी सोललं, पेला कुणी आणला, तो टेबलावर किती वेळ एकटा होता, खोलीत कोण येऊन गेलं. दर जबानीगणिक एकेक ओळ भरत जा. काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून पुढे गेलेल्याची कादंबरी मध्यावर अडते, कारण त्याला स्वतःलाच ती खोली दिसत नसते.

साक्षीदार मराठी, गुजराती, हिंदुस्थानीत बोलले आणि लिहिलं गेलं इंग्रजीत, हेही ध्यानात असू द्या. छापील वाक्यं जशीच्या तशी संवादात उतरवली तर रेसिडेन्सीचा हवालदार बॅरिस्टरासारखा बोलू लागतो. त्याची बोली त्याला परत देणं हे तुमचं काम.

३. न जुळणाऱ्या जागांची यादी करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

रेसिडेन्सीतल्या रावजी हवालदाराने कबुली दिली. त्याला माफी मिळाली. नंतर त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. ती शोधून काढणारे अकबर अली हे मुंबई पोलिसांचे अधिकारी. पुडी पोलिसांनीच ठेवली, असा बॅलंटाइन यांचा रोख होता. आता विचार करा: पेल्यात विष टाकणारा माणूस उरलेली पुडी इतके आठवडे पट्ट्यात कशाला ठेवील? विसरला? की पुढे कुणाविरुद्ध तरी उपयोगी पडेल म्हणून जपली? तीन उत्तरं, तीन वेगळ्या कादंबऱ्या.

नरसू जमादाराची गोष्ट मला याहून खोल वाटते. त्याला माफीचं आश्वासन नव्हतं, तरी तो कबूल झाला, आणि त्यानंतर त्याने विहिरीत उडी घेतली. त्याला बाहेर काढण्यात आलं. ज्याला काहीच मिळणार नाही तो कबुली का देतो? अपराधाची टोचणी, मार, भीती, की घरातल्या कुणाला वाचवायचा सौदा? कागदावर याचं समाधानकारक उत्तर नाही. मी गुन्हेकथा लिहायला बसलो तर महाराजांच्या दरबारात न शिरता या जमादाराच्या घरात शिरेन.

महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत हे तिसरं ठिकाण. माफीच्या बोलीवर त्यांनी सोमल आणि हिरे मिळवल्याचं सांगितलं. त्यांच्या हिशेबाच्या कागदांत काही नोंदींवर शाई सांडलेली आढळली. शाईखाली काय होतं, आणि ती कुणी सांडली? एखादा कारकून या प्रश्नाभोवती सहज उभा राहतो.

चौथी गोष्ट तारखांची. २ नोव्हेंबरला मल्हाररावांनी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांना खलिता लिहून फेअर यांना बदला अशी मागणी केली होती. विषप्रयोग झाला तो त्यानंतर सातव्या दिवशी. उत्तराची वाट पाहणारा माणूस असं करील का? की उत्तर येणारच नाही असं त्याला कुणी पटवलं होतं?

आणि शेवटी कमिशनच दुभंगलं. सर रिचर्ड काउच, मीड आणि मेलविल या तिघा इंग्रजांनी महाराजांना जबाबदार धरलं. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव यांनी आरोप सिद्ध झाल्याचं मानलं नाही. सरकारने गैरकारभाराचं कारण पुढे करून एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना पदच्युत केलं आणि मद्रासला पाठवलं. तिथेच १८८२ मध्ये ते वारले.

यादी झाली की एकच जागा निवडा. पाचही मोहात पाडतील, पण एका कादंबरीला एक पुरते. निवडताना स्वतःला विचारा: खरं काय ते माहीत असूनही ज्याला बोलता आलं नसतं, असा माणूस कोण? तो सापडला की निवेदक मिळाला.

४. गुन्ह्याचं शास्त्र समजून घ्या

पांढरा सोमल थंड द्रवात फार सावकाश विरघळतो. म्हणून तो घाईने सरबतात टाकला तर तळाशी बसतो. या एका गुणधर्मावर अख्खं प्रकरण उभं आहे. टाकणाऱ्याला हे माहीत असतं तर त्याने गरम पेय निवडलं असतं. सोमलाने उलट्या, जुलाब, पोटात आग होते, त्यामुळे त्या काळात असे मृत्यू पटकीचे समजले जाण्याचा संभव मोठा होता. रसायनशास्त्राने तोवर वाट काढली होती. सोमल ओळखण्याची मार्शची चाचणी १८३६ पासून ज्ञात होती. हिऱ्याची पूड मात्र रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय. ती जहरी असते ही केवळ समजूत, आणि म्हणूनच ती कथेत महत्त्वाची: पूड टाकणाऱ्याला रसायन कळत नव्हतं, पण दरबारी दंतकथा ठाऊक होत्या. पात्राचं शिक्षण आणि वर्तुळ एवढ्याशा तपशिलातून कळतं.

५. आजच्या गावातून जुनं गाव वेगळं काढा

बडोद्याचा नकाशा घ्या आणि १८७४ मध्ये नसलेल्या इमारती पेन्सिलीने खोडा. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० चा. वस्तुसंग्रहालय १८९४ चं, न्यायमंदिर १८९६ चं. सेंट्रल लायब्ररी १९१० ची. सयाजीबाग १८७९ ची. आपण ज्याला बडोदं म्हणतो त्यातलं निम्मं तर इथेच गेलं! उरतो चार दरवाज्यांच्या आतला भाग, मांडवी, सूरसागर, विश्वामित्री, कॅम्पाकडचा इंग्रजी वसाहतीचा भाग आणि १८६१ मध्ये आलेली रेल्वे.

मग पायी फिरा. मांडवीपासून पाणीगेटपर्यंत, लहेरीपुऱ्यापासून सूरसागरापर्यंत. किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा, कारण कथेत निरोप्या तेवढ्याच वेळात पोचला पाहिजे. रावपुऱ्याजवळचा तांबेकर वाडा अवश्य पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या दिवाणाचं हे घर, लाकडी जिने आणि भिंतीभर चित्रं असलेलं. पायऱ्यांची उंची, खिडकीतून येणारा उजेड, माडीवरून खाली किती ऐकू येतं हे पाहून घ्या. रहस्यकथेत कान लावून उभ्या असलेल्या माणसाला नक्की काय ऐकू येऊ शकतं यावर बरंच अवलंबून असतं.

६. कागद आणि माणसं, दोन्ही गाठा

सेंट्रल लायब्ररीत जुनी मराठी पुस्तकं आणि बडोदा संस्थानावरचे ग्रंथ पाहा. अभिलेखागारात जाताना ओळखपत्र आणि नेमका विषय, सालासकट लिहिलेला अर्ज न्या. 'गायकवाडांविषयी काहीही' असं मागितलं तर कुणीच मदत करू शकत नाही. जुने दफ्तर मोडीत आहे. मोडी शिकण्यासारखी आहे, पण ती येईपर्यंत लिखाण थांबवू नका. छापील साधनांवर पहिला खर्डा सहज होतो.

जुन्या घरांतल्या वडीलधाऱ्यांकडे इतिहास विचारू नका. ते पुस्तकात वाचलेलंच सांगतील. त्यापेक्षा विचारा: काका, तुमच्या वाड्यात विहीर कुठे होती? पाणी कोण भरायचं? आजी, पाहुण्याला सरबत कोण नेऊन द्यायचं, आतल्या बायका की गडी? दांडिया बाजारातल्या मराठी घरात मराठी कुठे संपते आणि गुजराती कुठे सुरू होते, तेही कान देऊन ऐका. पात्रांचं बोलणं तिथून मिळेल.

७. खऱ्या माणसांवर काय लादायचं याची हद्द आखा

जिथे सहा जाणत्या माणसांचं एकमत झालं नाही, तिथे आपण कादंबरीत कुणा खऱ्या व्यक्तीच्या नावाने गुन्हा ठोकून देऊ नये असं मला वाटतं. महाराज, रेसिडेंट, वकील हे पार्श्वभूमीला त्यांच्या खऱ्या नावांनी राहू द्या. त्यांनी जाहीरपणे जे केलं तेवढंच दाखवा. गुन्ह्याचा गाभा मात्र काल्पनिक माणसाकडे द्या: दुभाष्याचा मदतनीस, भिश्ती, शाईचा डाग पाहिलेला उमेदवार कारकून. असा माणूस मोकळेपणाने खोटं बोलू शकतो, चुकू शकतो, प्रेमात पडू शकतो. सगळीच नावं बदलून काल्पनिक संस्थान उभं करणं हाही मार्ग आहे, पण मग खरी तारीख आणि खऱ्या रस्त्यांचा आधार सुटतो. मी पहिलाच मार्ग सुचवेन.

८. एका पानात पारख करा

निवडलेला माणूस, त्याला ठाऊक असलेली एक गोष्ट आणि ती लपवण्याचं त्याचं कारण, एवढंच एका पानात लिहा. पानावर गुन्हेगार कोण तेही लिहून टाका. दोनेक आठवड्यांनी पुन्हा वाचा. उत्तर माहीत असूनही त्या माणसाजवळ थांबावंसं वाटलं, तर पहिलं प्रकरण सुरू करा, आणि ते सोमवारच्या सकाळपासून नको, आधीच्या रात्रीपासून करा. वाटलं नाही, तर तिसऱ्या पायरीवरच्या यादीकडे परत जा आणि दुसरी जागा निवडा.